नऊ माळा, एकशे पासष्ट फुलं

घट बसले की आमच्या धुळ्याच्या घरात रोज सकाळी एक माळ वाढते. आधीची काढायची नाही, तिच्याशेजारी नवी बांधायची. त्या नऊ दिवसांत तारीख कुणी विचारत नाही, ‘आज कितवी माळ?’ असंच विचारतात. एका वर्षी सासूबाई वाती वळता वळता म्हणाल्या, “नऊ दिनम्हा कितला फुलं लागतस?” पाचकंदीलच्या बाजारात झेंडू आणायला निघालेली मी पिशवी हातात धरून तशीच थांबले. मी कॉलेजात डेटाबेस शिकवते. हा प्रश्न थोडा आवळला तर वर्गासाठी उत्तम कोडं होईल, असं तिथंच वाटलं.

कोडं असं. पहिल्या माळेत एक फूल, दुसरीत दोन, तिसरीत तीन, असं करत नववीत नऊ. फुलं रात्रीतून सुकतात, म्हणून रोज सकाळी त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या माळा नव्यानं ओवायच्या. म्हणजे तिसऱ्या दिवशी पहिली, दुसरी आणि तिसरी अशा तिन्ही माळा ताज्या फुलांच्या. तर नऊ दिवसांत एकूण फुलं किती? खरी रीत घरोघर वेगळी असते, तिच्याकडे शेवटी येऊच.

हे कोडं मात्र जुनं आहे, आणि त्याचा धागा आमच्या जवळपासच सापडतो. चाळीसगावच्या दक्षिणेला, गौताळा औट्रमघाट अभयारण्यात पाटणादेवीचं देऊळ आहे. नवरात्रात तिथं मोठी यात्रा भरते. तिथल्याच पाटण गावच्या शिलालेखात गणिती भास्कराचार्यांच्या घराण्याची नावं कोरलेली आहेत. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथं मठ काढला आणि शके ११२८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२०७ मध्ये, निकुंभ घराण्यातल्या राजानं त्या मठाला दान दिलं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख १८६५ साली अभ्यासकांपुढे आणला. लेखाच्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. मठाला बाजारातून काय मिळावं, दर घाण्यामागे किती तेल द्यावं, असा हिशेब त्यांत आहे. गणिताच्या शाळेचा खर्च कसा भागवायचा हे दगडावर मोजून ठेवणारं हे गाव मला फार जवळचं वाटतं.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ ११५० साली पुरी केली. तिच्यात एक उदाहरण आहे: एकापासून नवापर्यंतच्या आकड्यांच्या बेरजा सांग आणि मग त्या बेरजांची बेरीज सांग. पहिलीला ते ‘संकलित’ म्हणतात, दुसरीला ‘संकलितैक्य’. आमचं माळांचं कोडं हेच आहे, आकडेसुद्धा तेच, एक ते नऊ. तिकडे इंग्रजीत नाताळच्या बारा दिवसांचं एक जुनं गाणं आहे. त्यात रोज आदल्या दिवसाच्या सगळ्या भेटी पुन्हा येतात आणि त्या दिवसाच्या क्रमांकाइतक्या नव्या भेटींची भर पडते. डिसेंबर आला की डेटाबेसवाली मंडळी त्या भेटी क्वेरीनं, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारून, मोजत बसतात. आपण आपल्या माळा मोजू.

लागणारं साहित्य

एक साधा संगणक आणि ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम. एसक्यूलाइट हा डेटाबेस डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली लिहिला आणि सर्वांसाठी खुला करून टाकला. तुमच्या खिशातल्या फोनमध्येही तो आत्ता चालू आहे. त्याला सर्व्हर लागत नाही, पासवर्ड लागत नाही, सगळा डेटाबेस म्हणजे एक फाइल. लॅबमधली जुनी यंत्रं पाहता मला हेच सोयीचं पडतं. फक्त प्रोग्रॅमच्या आतल्या एसक्यूलाइटची आवृत्ती २०१८ च्या सप्टेंबरनंतरची घ्या, म्हणजे ३.२५ किंवा पुढची; त्याआधीच्या आवृत्त्यांत खालची एक कृती चालणार नाही.

एक कागद आणि पेन्सिलही जवळ ठेवा. ती संगणकाइतकीच गरजेची आहे.

टाइप करण्याबद्दल दोन गोष्टी. या लेखात आज्ञांचे शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. ‘सिलेक्ट’, ‘फ्रॉम’, ‘जॉइन’ हे सगळे शब्द तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे. पण टेबलाचं आणि कॉलमचं नाव मराठीत राहू द्या. एसक्यूलाइटला ‘दिवस’ हे नाव तसंच चालतं, अवतरणचिन्हंही लागत नाहीत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: आकडे मात्र मराठी ठेवू नका. तुमच्या डोळ्यांना ‘९’ हा नऊ दिसतो, पण एसक्यूलाइट त्याला एखाद्या कॉलमचं नाव समजतो आणि असा कॉलम नाही म्हणून तक्रार करतो. माझ्या वर्गात दर वर्षी निदान दोघांचा पहिला तास या एका चुकीत जातो. इथं छापलेले सगळे आकडे आज्ञेत लिहिताना इंग्रजी करून घ्या.

आधी कागदावर तीन दिवस

पहिला दिवस: १ फूल. दुसरा दिवस: १ आणि २, म्हणजे ३. तिसरा दिवस: १, २ आणि ३, म्हणजे ६. तीन दिवसांची बेरीज १०. हा दहाचा आकडा कागदावर मोठा लिहून ठेवा. नऊ दिवसांचं उत्तर आपल्याला अजून माहीत नाही, पण जी क्वेरी तीन दिवसांना दहा सांगणार नाही ती नऊ दिवसांना काहीही सांगो, आपण तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. मुलं ही पायरी नेहमी गाळतात, आणि मी ती नेहमी करून घेते.

दिवसांचं टेबल

प्रोग्रॅम उघडून नवा डेटाबेस करा, फाइलला ‘माळा’ नाव द्या. टेबल बनवायची खिडकी आपोआप उघडेल, ती बंद करून ‘एक्झिक्यूट एसक्यूएल’ या पानावर या आणि लिहा:

क्रिएट टेबल दिवस (क्र इंटिजर प्रायमरी की);

इन्सर्ट इन्टू दिवस व्हॅल्यूज (१),(२),(३),(४),(५),(६),(७),(८),(९);

कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की आज्ञा चालतात. ‘प्रायमरी की’ हे दोन शब्द आळसानं गाळू नका. एकदा एका मुलानं ते गाळले होते आणि घाईत इन्सर्टची आज्ञा दोनदा चालवली. त्याचं अंतिम उत्तर ६६० आलं. सगळा वर्ग त्याची क्वेरी तपासत बसला, क्वेरी तर बरोबर होती. शेवटी कुणीतरी ओळी मोजल्या: नवाऐवजी अठरा. प्रत्येक दिवस दोनदा आणि प्रत्येक माळ दोनदा, म्हणजे दोन दुणे चार. खऱ्या उत्तराची बरोबर चौपट. प्रायमरी की असती तर दुसऱ्यांदा इन्सर्ट करताना एसक्यूलाइटनंच हात धरला असता.

म्हणून पुढे जाण्याआधी एवढं विचारा:

सिलेक्ट काउंट(*), सम(क्र) फ्रॉम दिवस;

उत्तर ९ आणि ४५ यायला हवं. हे पंचेचाळीस म्हणजे भास्कराचार्यांचं संकलित. नवव्या दिवशी एका सकाळी लागणारी फुलंही तेवढीच.

टेबल स्वतःशीच जोडणं

इथं कोड्याचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून.

आपल्याकडे एकच टेबल आहे, पण त्याच्याकडे दोन नजरांनी पाहायचं आहे. एका नजरेनं त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक दिवस. दुसऱ्या नजरेनं तीच ओळ म्हणजे एक माळ, कारण पाचव्या दिवशी पाचवी माळ येते आणि तिच्यात पाच फुलं असतात. एकाच आकड्याच्या अंगावर दिवस, माळ आणि फुलं अशा तीन जबाबदाऱ्या आहेत. एसक्यूएलमध्ये, म्हणजे या आज्ञांच्या भाषेत, एका टेबलाला तात्पुरती दोन नावं देता येतात. दिवस म्हणून पाहताना ‘द’ म्हणू, माळ म्हणून पाहताना ‘म’. मग कोड्यातली अट एका ओळीत येते: माळेचा क्रमांक दिवसाच्या क्रमांकाहून मोठा नसावा.

सिलेक्ट द.क्र, काउंट(*) ॲज माळा, सम(म.क्र) ॲज फुलं
फ्रॉम दिवस द जॉइन दिवस म ऑन म.क्र <= द.क्र
व्हेअर द.क्र <= ३
ग्रुप बाय द.क्र
ऑर्डर बाय द.क्र;

‘व्हेअर’ची ओळ आत्ता फक्त पेन्सिलच्या आकड्याशी ताळा घेण्यासाठी आहे. फुलांच्या कॉलममध्ये १, ३, ६ आलं? बेरीज दहा? मग ती ओळ काढून टाका आणि पुन्हा चालवा. आता नऊ ओळी येतील आणि फुलांचा कॉलम असा असेल: १, ३, ६, १०, १५, २१, २८, ३६, ४५. एकूण हवं असेल तर ग्रुप बाय नको:

सिलेक्ट काउंट(*), सम(म.क्र) फ्रॉम दिवस द जॉइन दिवस म ऑन म.क्र <= द.क्र;

उत्तर ४५ आणि १६५. इथले पंचेचाळीस मघाच्या पंचेचाळीसपेक्षा वेगळे आहेत, गफलत करू नका. मघाशी ती फुलं होती, आता त्या माळा आहेत: नऊ दिवसांत मिळून पंचेचाळीस वेळा माळ ओवली गेली. फुलं एकशे पासष्ट.

चुकीचे आकडे ओळखायला शिका

या एका ‘ऑन’च्या अटीत चूक झाली की काय होतं ते मुद्दाम करून पाहा. मला स्वतःला बरोबर उत्तरापेक्षा या चुकांतून जास्त शिकायला मिळालं. प्रत्येक चुकीचा आकडा कोणत्यातरी प्रश्नाचं बरोबर उत्तर असतो. तुम्ही नकळत कोणता प्रश्न विचारलात ते तो सांगतो.

‘ऑन’ची अट पूर्ण विसरलात तर ४०५ येतील. प्रत्येक दिवसाला प्रत्येक माळ जोडली गेली, नऊ नवे एक्क्याऐंशी जोड्या. म्हणजे पहिल्याच सकाळी घटावर नऊच्या नऊ माळा टांगल्या आणि रोज तेच केलं. नऊ वेळा पंचेचाळीस.

‘<=’ ऐवजी नुसतं ‘<’ लिहिलंत तर १२०. आजची माळ आजच बांधायची हे विसरलात. ती उद्यावर गेली. ग्रुप बायवाली क्वेरी या अटीनं चालवलीत तर पहिला दिवस यादीतून गायबच झालेला दिसेल, कारण त्याच्याहून लहान क्रमांकाची माळच नाही आणि जॉइनला जोडी मिळाली नाही की ती ओळ गळते. फक्त अंतिम बेरीज पाहणाऱ्याला हे कधी कळत नाही. आठच ओळी पाहिल्या की लगेच कळतं.

चिन्ह उलट झालं, ‘>=’ लागलं, तर २८५. हा आकडा माझा आवडता. उलट्या अटीनं पहिल्या दिवशी नऊही माळा येतात आणि रोज सगळ्यात लहान माळ कमी होत जाते. नववी माळ नऊही दिवस टिकते, आठवी आठ दिवस. नऊ फुलं नऊ वेळा, आठ फुलं आठ वेळा: वर्गांची बेरीज. आणि ‘लीलावती’त संकलितैक्यानंतर लगेच भास्कराचार्य हेच विचारतात, त्याच नऊ आकड्यांच्या वर्गांची बेरीज सांग आणि घनांचीही. उत्तरं २८५ आणि २०२५. एका मुलीच्या पडद्यावर हे २८५ आलं तेव्हा मी तिला चूक म्हटलं नाही. फळ्यावर तिचा आकडा लिहिला आणि पुस्तकातलं पुढचं उदाहरण वाचून दाखवलं.

दुसऱ्या वाटेनं तेच उत्तर

एका वाटेनं आलेलं उत्तर मी वहीत पेन्सिलनं लिहायला सांगते. दुसऱ्या वाटेनं तेच आलं की मग पेनानं.

चालू बेरजेची वाट सोपी आहे. एसक्यूएलमध्ये ‘ओव्हर’ नावाची सोय आहे; ती ओळी न दाबता प्रत्येक ओळीपर्यंतची बेरीज त्या ओळीशेजारी लिहिते. २०१८ नंतरची आवृत्ती मागितली ती हिच्यासाठी.

विथ रोज ॲज (सिलेक्ट क्र, सम(क्र) ओव्हर (ऑर्डर बाय क्र) ॲज फुलं फ्रॉम दिवस)
सिलेक्ट क्र, फुलं, सम(फुलं) ओव्हर (ऑर्डर बाय क्र) ॲज आजवर फ्रॉम रोज;

‘विथ’नं आधी ‘रोज’ नावाचं तात्पुरतं टेबल तयार होतं, त्यात त्या त्या दिवसाची फुलं. मग त्याच फुलांची पुन्हा चालू बेरीज. शेवटच्या कॉलममध्ये १, ४, १०, २०, ३५, ५६, ८४, १२०, १६५ दिसतील. तिसऱ्या ओळीतला दहा पाहा, कागदावरचा आहे. आठव्या ओळीतला १२० पाहा: मघाशी ‘<’ लिहिल्यानं आलेलं चुकीचं उत्तर इथं आठव्या माळेपर्यंतचं बरोबर उत्तर म्हणून उभं आहे. देवीपुढे लाडू त्रिकोणी थरांनी रचले, वरच्या थरात एक, खाली तीन, खाली सहा, तर नऊ थरांच्या त्या ढिगात किती लाडू मावतील तेही हा कॉलम सांगतो.

तिसरी वाट मला सगळ्यात सुंदर वाटते, कारण तिच्यात जॉइनही नाही आणि ओव्हरही नाही. आतापर्यंत आपण दिवसागणिक मोजलं. आता माळेगणिक मोजा. पहिली माळ नऊ वेळा ओवली जाते, दुसरी आठ वेळा, नववी एकदाच. क्रमांक आणि वेळा यांची बेरीज नेहमी दहा. म्हणून:

सिलेक्ट क्र, क्र*(१०-क्र) ॲज फुलं फ्रॉम दिवस;

उत्तर: ९, १६, २१, २४, २५, २४, २१, १६, ९. वरून वाचा नाहीतर खालून, सारखंच. सगळ्यात जास्त फुलं पाचव्या माळेला, पंचवीस. पाचव्या दिवशी ललिता पंचमी येते. पहिली माळ रोज बांधावी लागते पण तिला फूल एकच, नववीला फुलं नऊ पण ती एकदाच, म्हणून दोघी सारख्या. बेरीज करा, एकशे पासष्टच.

सूत्र आणि भागाकाराची जागा

भास्कराचार्यांचा नियम साध्या शब्दांत असा: संकलिताला पदांच्या संख्येत दोन मिळवून गुणावं आणि तिनानं भागावं. आपली पदं नऊ, संकलित ४५. पंचेचाळीस गुणिले अकरा, चारशे पंचाण्णव; भागिले तीन, एकशे पासष्ट. संगणकाला विचारा:

सिलेक्ट ४५*११/३;

१६५ येतील. आता क्रम बदला:

सिलेक्ट ११/३*४५;

कागदावर दोन्ही सारखे, पण एसक्यूलाइट १३५ सांगेल. त्याला दोन पूर्णांक दिले की भागाकारही तो पूर्णांकातच करतो: अकरा भागिले तीन म्हणजे तीन, उरलेले दोन सोडून दिले. मग तीन गुणिले पंचेचाळीस. पोस्टग्रेस हा डेटाबेसही हेच करतो. मायएसक्यूएल हा डेटाबेस मात्र भागाकारात दशांश ठेवतो, त्यामुळे तिथून आलेल्या माणसाला हा खड्डा दिसतच नाही. नियमात गुणाकार आधी आणि भागाकार शेवटी आहे तो क्रम तसाच पाळा. संकलित म्हणजे नऊ आणि दहा यांच्या गुणाकाराचं निम्मं, आणि नऊ, दहा, अकरा अशा सलग तीन आकड्यांचा गुणाकार तिनानं नेहमी नि:शेष भागला जातो, म्हणून शेवटी भागलं तर काही सांडत नाही.

याच सूत्रानं नाताळचे बारा दिवस मोजले तर बारा, तेरा, चौदा यांचा गुणाकार भागिले सहा, म्हणजे ३६४ भेटी. वर्षाच्या दिवसांहून एक कमी.

माळ दहावी

आता खरं पंचांग. नवरात्र दर वर्षी नऊच दिवसांचं असतं असं नाही. तिथीची वृद्धी झाली तर एक दिवस वाढतो, क्षय झाला तर घटतो. २०२५ साली घट २२ सप्टेंबरला बसले आणि दसरा २ ऑक्टोबरला आला. माळा दहा. सासूबाईंनी पंचांग बघून मला आधीच बजावलं होतं, फुलं जास्त सांगून ठेव.

टेबलात एक ओळ घाला:

इन्सर्ट इन्टू दिवस व्हॅल्यूज (१०);

जॉइनची क्वेरी पुन्हा चालवा, २२० येतील. चालू बेरजेची क्वेरी चालवा, शेवटी २२०. सूत्रानं दहा, अकरा, बारा यांचा गुणाकार भागिले सहा, २२०. एकट्या दहाव्या सकाळीच पंचावन्न फुलं लागली.

आणि तिसरी, सुंदर वाट? ती अजूनही १६५ सांगते. चूक दाखवत नाही, तक्रार करत नाही. आपण तिच्यात दहाचा आकडा हातानं लिहिला होता. दहाव्या माळेला दहा वजा दहा, म्हणजे शून्य वेळा ओवलं गेलं, आणि बाकीच्या माळांना वाढलेला दिवस कळलाच नाही. सगळ्या चुकांत मला हीच धोकादायक वाटते, कारण उत्तर ओळखीचं आहे आणि आदल्या वर्षी ते खरं होतं. दवाखान्याच्या नोंदी, रेशनची यादी, शाळेची हजेरी अशा कामांत हातानं लिहिलेला एखादा आकडा असाच वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. तो टेबलालाच विचारायचा:

सिलेक्ट सम(क्र*((सिलेक्ट मॅक्स(क्र)+१ फ्रॉम दिवस)-क्र)) फ्रॉम दिवस;

आता २२०.

दिवसांचं टेबल हातानं भरायचं नसेल तर क्वेरीच ते तयार करू शकते. अशी स्वतःलाच पुन्हा हाक मारणारी क्वेरी १९९९ च्या एसक्यूएल मानकात आली:

विथ रिकर्सिव्ह द(क्र) ॲज (सिलेक्ट १ युनियन ऑल सिलेक्ट क्र+१ फ्रॉम द व्हेअर क्र < ९)
सिलेक्ट सम(म.क्र) फ्रॉम द जॉइन द म ऑन म.क्र <= द.क्र;

इथं अट ‘नवाहून लहान असेल तर एक मिळव’ अशी आहे. आठला एक मिळवून नऊ होतात आणि तिथं थांबतं. ‘<=’ लिहिलंत तर नवालाही एक मिळवला जाईल आणि नऊ माळांच्या वर्षी २२० फुलं मागितली जातील. अट पूर्णच गाळलीत तर क्वेरी थांबणारच नाही. ‘स्टॉप’चं बटण कुठं आहे ते आधी पाहून ठेवा.

तुमच्या घरची रीत

आमच्याकडे खरं तर आधीच्या माळा बदलत नाहीत आणि प्रत्येक माळेत फुलंही सारखीच असतात. तुमच्याकडे आणखी काही असेल. त्यासाठी क्वेरीत आकडे लिहायचे नाहीत, टेबलात कॉलम वाढवायचा:

ऑल्टर टेबल दिवस ॲड कॉलम फुलं इंटिजर;

अपडेट दिवस सेट फुलं = २१;

मग जिथं जिथं सम(म.क्र) होतं तिथं सम(म.फुलं) लिहा. दहा माळांच्या वर्षी रोज सगळ्या नव्यानं ओवल्या तर ११५५ फुलं. जुन्या तशाच ठेवल्या तर जॉइनची गरजच नाही. सिलेक्ट सम(फुलं) फ्रॉम दिवस, आणि उत्तर २१०. एखाद्या माळेत कमीजास्त असेल तर तेवढी एक ओळ बदला. पाचवी मोठी करायची असेल तर:

अपडेट दिवस सेट फुलं = ५१ व्हेअर क्र = ५;

‘व्हेअर’ लिहायला विसरलात तर दहाही माळा एक्कावन्न फुलांच्या होतील. झालंच तसं, तर घाबरू नका. या प्रोग्रॅममध्ये केलेले बदल ‘राइट चेंजेस’ दाबेपर्यंत फाइलमध्ये पक्के होत नाहीत. शेजारचं ‘रिव्हर्ट चेंजेस’ दाबलं की शेवटचं जतन केलं तिथवर सगळं पूर्ववत. मात्र आकडे जुळले, दोन वाटांनी ताळा बसला, की ‘राइट चेंजेस’ दाबल्याशिवाय खिडकी बंद करू नका.